आधी इंजिन, मग टर्बो

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)





या मांडवात दरवर्षी कीर्तन होतं, प्रवचन होतं, मुलांची नाचगाणी होतात. यंदा कार्यकर्त्यांनी मला सांगितलं, तुम्ही गाडीवर बोला. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला, सरकारी नोकरीतला माणूस. माझ्या हातात माईकपेक्षा पाना शोभतो. तरी हो म्हटलं, कारण याच श्रावणात माझ्या भाच्यानं मला एक प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर मी घरात नीट देऊ शकलो नाही. भाचा आज इथे मागच्या रांगेत बसलाय. तेव्हा उत्तर सगळ्यांसमोरच देतो.

भाच्यानं एक जुनी टाटा सुमो घेतली. स्वस्तात मिळाली म्हणून घेतली. आपल्या गावातून बिदर, हुमनाबाद, जहिराबाद अशी माणसं नेतो, लग्नसराईत भाड्यानं देतो. गाडी चांगली आहे, फक्त दहा माणसं बसली आणि चढ लागला की दम टाकते. तो मला म्हणाला, "मामा, हैदराबादला भंगारात टर्बो मिळतो. आपण बसवू या का?"

मी लगेच "नको" म्हणालो. तो म्हणाला, "का नको?" मी म्हणालो, "नको म्हणजे नको." हे काही उत्तर झालं नाही. डिप्लोमावाल्यानं तरी असं बोलू नये.

तर सुमोपासूनच सुरुवात करू. सुमो हे नाव जपानी पैलवानांवरून आलं असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, ही कंपनी ज्यांनी उभी केली ते सुमंत मुळगावकर. सुमंतमधला 'सु' आणि मुळगावकरमधला 'मो'. मुळगावकर १९८९ साली गेले आणि १९९४ साली कंपनीनं ही गाडी काढून त्यांचं नाव तिला दिलं. एका मराठी इंजिनिअरचं नाव गाडीच्या रूपानं आपल्या या हायवेवरून पंचवीस वर्षं नवीन-नवीन निघत राहिलं, २०१९ साली गाडी बंद होईपर्यंत. आपल्या गावातल्या किती जणांची वरात सुमोतून निघाली ते हात वर करून सांगायला लावत नाही, कार्यक्रम लांबेल.

आता एक गंमत सांगतो. टाटाच्या जुन्या इंजिनांचा नंबर हेच त्याचं वर्णन असतं. सुमोच्या पहिल्या इंजिनाचा नंबर ४८३. चार सिलिंडर, आणि प्रत्येक सिलिंडरचा व्यास ८३ मिलिमीटर. इंडिकाचं ४७५, म्हणजे चार सिलिंडर, ७५ मिलिमीटर. टाटा ४०७ टेम्पोचं ४९७, चार सिलिंडर, ९७ मिलिमीटर. आणि आपल्या हायवेनं रात्रभर जाणारे जुने सहा सिलिंडरचे ट्रक? आधी ६९२, मग ६९७, आणि त्यानंतर ६९७ टीसी. टीसी म्हणजे टर्बो बसवलेलं. बघा, ट्रकच्या बाबतीत कंपनीनं काय केलं. आधी सिलिंडर ९२ चा ९७ केला, पिस्टनची धावही वाढवली, ४७८८ सीसीचं इंजिन ५६७५ सीसीचं झालं. आणि मग त्या मोठ्या इंजिनावर टर्बो चढवला. भाच्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या तीन नंबरांत आहे.

सीसी म्हणजे काय ते आज्जींनाही कळेल असं सांगतो. इंजिन एका दमात किती हवा पोटात घेतं त्याचं माप म्हणजे सीसी. डिझेल जळायला हवा लागते. हवा जितकी जास्त, तितकं जास्त डिझेल स्वच्छ जळणार, तितका जोर जास्त. हवा कमी असताना डिझेल जास्त सोडलं तर जोर येत नाही, काळा धूर येतो. चुलीत लाकडं कोंबली आणि फुंकणी फुंकली नाही तर काय होतं ते माहेरवाशिणींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

हवा वाढवायचे दोन मार्ग. एक, इंजिनाचं पोटच मोठं करायचं. दुसरा, आहे त्याच पोटात हवा दाबून भरायची. हा दुसरा मार्ग म्हणजे टर्बो. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एका छोट्या चक्रावर सोडायचा, त्याच दांड्यावर दुसऱ्या बाजूला दुसरं चक्र, ते बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबतं. फुकट जाणाऱ्या धुरातून काम करून घेणारी युक्ती. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. चक्र मुठीत मावेल एवढं, पण मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेतं. लाखाच्या वर! आपल्या घरातला पंखा मिनिटाला तीन-साडेतीनशे फेऱ्या घेतो.

शर्यतीच्या गाड्यांच्या फॉर्म्युला वनमध्ये १९६६ पासून वीस वर्षं नियम असा होता की साधं इंजिन असेल तर ३००० सीसी, आणि हवा दाबून भरणारं असेल तर १५०० सीसी. म्हणजे नियम करणाऱ्यांनी सरळ धरलं होतं की दाबून भरलेलं एक हे साध्या दोनाच्या बरोबरीचं. बरीच वर्षं कुणी त्या वाटेला गेलं नाही. १९७७ साली रेनो कंपनी पहिल्यांदा १५०० चं टर्बो इंजिन घेऊन उतरली, तर गाडी इतक्या वेळा धूर काढत बंद पडायची की लोक तिला पिवळी किटली म्हणायचे. पुढे त्याच टर्बोनं सगळ्यांना मागे टाकलं, ती गोष्ट वेगळी. पण सुरुवात किटलीनंच झाली. मोठ्या कंपनीची, पगारी इंजिनिअर असताना.

आता परत सुमोकडे. पहिल्या सुमोचं ४८३ इंजिन १९४८ सीसीचं. टर्बो नाही. ताकद साधारण पासष्ट हॉर्सपॉवर, आणि ती मिळायची साडेचार हजार फेऱ्यांच्या आसपास. पुढे कंपनीनं सुमो स्पॅसिओ काढली. तिच्यात काय बसवलं? ४०७ टेम्पोचं ४९७ इंजिन, २९५६ सीसी. टर्बो तिलाही नाही. आता ऐका, स्पॅसिओची ताकद किती? तीही साधारण पासष्टच. तेव्हा आपल्या स्टँडवरचे लोक हसायचे. एक हजार सीसी वाढवून हॉर्सपॉवर तेवढीच, कंपनीला वेड लागलंय म्हणायचे. मीही हसलो होतो, डिप्लोमा खिशात असून.

पण ती पासष्ट मिळायची तीन हजार फेऱ्यांत. साडेचार हजारात मिळणारी ताकद तीन हजारात मिळाली, म्हणजे प्रत्येक फेरीचा रेटा दीडपट झाला. आणि १९४८ चे २९५६ म्हणजे किती? बरोबर दीडपट. कुठेही जादू नाही, हिशोब आहे. या रेट्याला आमच्या भाषेत टॉर्क म्हणतात. चढावर दहा माणसं ओढतो तो टॉर्क. हॉर्सपॉवर सपाट हायवेवर पुढच्या गाडीला मागे टाकायला.

शंका असेल तर हंगामात ऊसाची वाहतूक बघा. पस्तीस-चाळीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर ऊस भरलेल्या ट्रॉल्या ओढत हळूहळू निघून जातो. त्याच ट्रॉलीला पासष्ट हॉर्सपॉवरची कार जोडा आणि गंमत बघा. क्लच जळायचा वास गावभर येईल. ट्रॅक्टरचं इंजिन मोठं, फेऱ्या कमी, गिअर सावकाश.

स्पॅसिओनंतर सुमो व्हिक्टामध्ये त्याच २९५६ वर टर्बो आला. तेव्हाही कंपनीनं हॉर्सपॉवर फार वाढवली नाही. कमी फेऱ्यांत रेटा वाढवला आणि धूर कमी केला. शेवटी २०११ साली सुमो गोल्ड आली. तेच २९५६ सीसी, पण आता कॉमन रेलचं, टर्बो, मधे हवा थंड करणारा इंटरकूलर, आणि ताकद ८५. सतरा वर्षांत १९४८ ते २९५६, मग टर्बो, मग कॉमन रेल. एकेक पायरी.

कलकत्त्याकडच्या हिंदुस्तान मोटर्सनंही कॉन्टेसाच्या बाबतीत हाच क्रम धरला. एवढ्या मोठ्या, ऐटदार गाडीत आधी अँबॅसडरच्या घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन होतं. दिसायला हत्ती, चालायला म्हैस. मग इसुझूचं १८०० सीसीचं पेट्रोल इंजिन बसवलं तेव्हा कॉन्टेसा क्लासिक ही कॉन्टेसा वाटायला लागली. नंतर दोन हजारचं डिझेल, आणि टर्बो आला तो त्या डिझेलवर. मारुती जिप्सीत तर टर्बो आलाच नाही, ९७० चं इंजिन काढून १३०० चं घातलं, काम भागलं.

इथे कुणी हुशार माणूस उठून विचारेल की १९४८ वर टर्बो बसवलेली गाडी टाटानंच काढली होती ना? काढली होती. १९९८ ची पहिली सफारी तीच. ९० च्या आसपास हॉर्सपॉवर. एवढी जड गाडी आणि एवढंसं इंजिन. जुनी सफारी ज्यांनी चालवली त्यांना आठवत असेल, खालच्या फेऱ्यांत काहीच होत नसे, ऐन गर्दीत गाडी सुस्त, आणि दोन हजाराच्या वर गेली की एकदम कुणीतरी मागून ढकलल्यासारखी पळायची. कारण टर्बो धुरावर चालतो. छोटं इंजिन कमी फेऱ्यांत पुरेसा धूरच देत नाही, चक्र फिरत नाही, तोवर तुमच्या हातात नुसतं १९४८ सीसी. २००५ साली कंपनीनं सफारीतही २९५६ चं इंजिन घातलं.

आणि त्याच सफारीत २००७ साली २१७९ सीसीचं इंजिन आलं, १४० हॉर्सपॉवरचं. म्हणजे लहान इंजिनानं मोठ्याला मागे टाकलं. मग माझं आतापर्यंतचं सगळं बोलणं खोटं? नाही. ते २१७९ टर्बोसाठीच जन्माला आलेलं इंजिन. पिस्टन, ब्लॉक, पंप, तेलाचे मार्ग, सगळं कागदावर असतानाच दाब धरून काढलेलं. भाच्याच्या सुमोतलं ४८३ हे बिनटर्बोचं म्हणून बनवलेलं. बिनटर्बोच्या इंजिनावर भंगारातला टर्बो चढवला की काय होतं, ते मला पुस्तकातून कळलेलं नाही.

साल २००३. डिप्लोमा झालेला, नोकरी लागायची होती. आमच्या काकांची सुमो होती, १९४८ ची. त्या गाडीवर दोन घरं चालायची. काका स्वतः चालवायचे. पंढरपूर, तुळजापूर, गाणगापूर, जिथे म्हणाल तिथे. मी काकांच्या मागे लागलो. काका, टर्बो बसवू, गाडी विमान होईल. काका कमी बोलणारे. म्हणाले, "तू शिकलायस. तुला कळतं तर बसव."

टर्बो हैदराबादच्या भंगार बाजारातून आणला. एका गॅरेजमध्ये मी आणि तिथला मिस्त्री, दोघांनी मिळून बसवला. मॅनिफोल्डला पट्टी वेल्ड केली. टर्बोला तेल लागतं, ते प्रेशर स्विचजवळून टी जोडून घेतलं. तेल परत जायचा पाइप मात्र बारीक टाकला, कारण तोच हाताशी होता. आणि डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवलं. किती वाढवलं? मोजमाप नव्हतं. काळा धूर यायला लागला तिथून अर्धा फेरा मागे.

पहिले पंधरा दिवस आनंदच आनंद. आपण समुद्रापासून सहाशे मीटरच्या वर राहतो. इथली हवाच सहा-सात टक्के पातळ. साधं डिझेल इंजिन आपल्याकडे तेवढा जोर जन्मापासून हरवून बसलेलं असतं. टर्बोनं तो परत दिला आणि वर दिला. काका हसले होते, ते मला अजून दिसतं.

मग आषाढीचं भाडं आलं. आपल्याच गल्लीतल्या बायका, दहा-अकरा जणी. गाडीत मी पण होतो, आपली करामत बघायला. जाताना ठीक गेली. परत येताना सोलापूर मागे टाकलं आणि तुळजापूरचा घाट लागला. गाडी भरलेली, काकांनी पाय दाबलेला, टर्बो पूर्ण जोरात. निम्म्या घाटात काटा लाल झाला. बॉनेटमधून वाफ. गाडी बाजूला घेतली आणि मी घाबरून लगेच चावी फिरवली, इंजिन बंद केलं. ती दुसरी चूक. तापलेला टर्बो एकदम बंद केला की तेलाचा प्रवाह थांबतो आणि दांड्याभोवतीचं तेल तिथेच जळून कोळसा होतं.

काय झालं होतं ते नंतर इंजिन उघडल्यावर कळलं. हेड गॅस्केट उडालं होतं, पाण्यात तेल, तेलात पाणी. तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन वरून वितळायला लागला होता. या जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजिनात हवा आधीच बावीसपट दाबली जाते. त्यात मी आणखी हवा कोंबली, आणखी डिझेल टाकलं, आणि ती उष्णता बाहेर काढायला काहीच दिलं नाही. इंटरकूलर नाही, पिस्टनला खालून तेलाचा फवारा नाही, रेडिएटर तोच, गॅस्केट तेच. कंपनी टर्बो लावते तेव्हा हे सगळं बदलते. आम्ही फक्त टर्बो लावला. बारीक पाइपमुळे तेल परत न जाता टर्बोच्या सीलमधून गळत होतं ते वेगळंच. निळा धूर येत होता, आम्ही म्हणायचो नवीन आहे, बसेल हळूहळू.

त्या बायका रात्री घाटात दोन तास बसल्या. मग एका ट्रकवाल्यानं तुळजापूरपर्यंत सोडलं, सकाळी एसटीनं आल्या. त्यातल्या दोघी आज या मांडवात आहेत. कुणी मला एक शब्द बोललं नाही. गाडी टो करून आणली. इंजिन उघडायचं, पिस्टन, लायनर, हेड, सगळ्याचा खर्च काकांच्या ऐपतीबाहेर गेला. चार महिने गाडी दारात उभी राहिली. शेवटी काकांनी ती आहे तशी विकली आणि दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून गेले. माझ्याशी बोलणं कधी तोडलं नाही. दिवाळीला मला नवा शर्टही घेतला. फक्त गाडीचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही.

भाच्याला "नको म्हणजे नको" म्हणालो ते यामुळे.

भाचा नंतर म्हणाला, "मग मामा, स्पॅसिओचं २९५६ काढून माझ्या सुमोत बसवू. आधी इंजिन, मग टर्बो, तुमच्याच क्रमानं." बसवता येतं. घराणं एकच, मिस्त्री लोकांनी बसवलीही आहेत. पण दोन गोष्टी आहेत. पहिली, इंजिन मोठं झालं की वजन पुढच्या चाकांवर वाढतं, वेग वाढतो, आणि ब्रेक मात्र जुनेच राहतात. गाडी पळवायला इंजिन लागतं, थांबवायला ब्रेक, आणि मागच्या सीटवर दुसऱ्याची लेकरं असतात. गिअरबॉक्स आणि क्लच जुन्या रेट्याच्या मापाचे, तेही बदलायचे. खर्च इंजिनाच्या किमतीवर थांबत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची, आणि सरकारी नोकरीतला माणूस म्हणून ही मी जरा आवाज चढवून सांगणार. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं गाडी जशी दिली आणि आरसी बुकात जे लिहिलं, त्याच्याशी न जुळणारा बदल मालकानं करायचा नाही. गॅस किट, बॅटरी यांसाठी वेगळी तरतूद आहे, तीही अटींसकट. बाद झालेल्या इंजिनाच्या जागी त्याच जातीचं इंजिन टाकायचं असेल तर आरटीओची परवानगी घेऊन, नवा नंबर आरसीवर चढवून घ्यायचा. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं, कंपनीच्या मूळ मापाबाहेर बदल चालणार नाहीत. १९४८ च्या आरसीवर २९५६ चं इंजिन पळवलं आणि काही अपघात झाला, तर विमा कंपनी पहिल्यांदा बॉनेट उघडून नंबर बघते. आपल्याकडे "चलता है" म्हणायची सवय आहे. अपघात होईपर्यंत चालतं.

मग काय करायचं? मी आणि भाचा एका रविवारी वही घेऊन बसलो. एका बाजूला जुनं इंजिन काढणं, नवं आणणं, क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक, वेल्डिंग, टर्बो, इंटरकूलर, पंप. दुसऱ्या बाजूला आताची सुमो विकून वापरलेली सुमो गोल्ड घेणं, जिच्यात हे सगळं कंपनीनंच बसवलंय आणि आरसीवर लिहिलंय. दुसरी बाजू स्वस्त निघाली. फार नाही, पण निघाली. भाच्याचं तोंड उतरलं. त्याला गाडी घ्यायची नव्हती, बनवायची होती. ते मला कळतं. त्या वयात मलाही विकत घेतलेल्या गोष्टीत रस नव्हता. त्याला म्हटलं, हात शिवशिवत असतील तर माझ्याकडे एक जुनं बंद पडलेलं इंजिन आहे, रविवारी ये, दोघं मिळून उघडू, पिस्टन हातात घेऊन बघ. तो येतोय. तीन रविवार आलाय.

गोल्ड मागच्या महिन्यात आली. पहिलं भाडं घ्यायच्या आधी घरची माणसं घेऊन गाणगापूरला जायचं ठरलं. काकांचं वय आता सत्तरीच्या पुढे, पण ड्रायव्हरच्या शेजारची सीट त्यांचीच, ते कुणाला देत नाहीत. मी मागे बसलो होतो. वाटेत एक चढ लागला. गाडीत नऊ जण. भाच्यानं गिअर खाली घेतला नाही, गाडी तशीच वर गेली. काकांनी काट्याकडे पाहिलं. काटा मधोमध, जागच्या जागी. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"किती सीसी?"

"एकोणतीसशे छप्पन्न, काका."

"टर्बो?"

"आहे. कंपनीचा."

काकांनी मान हलवली आणि पुन्हा समोर रस्त्याकडे बघायला लागले. थोड्या वेळानं भाच्याला म्हणाले, "वर पोचल्यावर लगेच बंद करू नको. दोन मिनिटं चालू ठेव."

ज्यांना गाडीबद्दल काही विचारायचं असेल त्यांनी आरतीनंतर भेटावं, आरतीची वेळ झाली आहे.

मंगलमूर्ती मोरया!